टेकडीवरचा हिवाळा आणि नवी शिक्षिका

मार्गशीर्ष-पौषातल्या एखाद्या पहाटे दिग्रसहून कोणत्याही रस्त्याने कोसभर बाहेर पडावे. धावंड्याच्या काठावर धुके असते, बोटे गारठलेली असतात, आणि त्या गारठ्यातच बायांच्या टोळ्या कापूस वेचायला निघालेल्या दिसतात. डोक्यावर भाकरीचे गाठोडे, कमरेला ओटीचे फडके, आणि मागून आठ-दहा वर्षांची पोर, तिच्या कडेवर वर्षा-दीड वर्षाचे भावंड. दव उतरले की वेचणी सुरू होते. शाळेची घंटाही साधारण त्याच वेळेला होते. ती पोर शेताच्या धुऱ्यावर भावंडाला सांभाळीत बसलेली असते आणि वर्गातल्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण पडते. पश्चिमेकडच्या साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला, की आपल्या भागातल्या काही तांड्यांतून कोयते घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे निघून जातात. मग एका खुणेचे काम राहत नाही. चार-पाच महिन्यांच्या चौकटी सलग रिकाम्या राहतात.

या रिकाम्या चौकटींचा अर्थ काय लावायचा, हा आमच्या मते शिक्षणातला एक जुना व मोठा प्रश्न आहे. सुशिक्षित नगरवासीयांनी त्याचे एक सोपे उत्तर तयार करून ठेवलेले आहे: या लोकांना शिक्षणाची आवडच नाही. आम्हीही पुष्कळदा हे उत्तर ऐकले आहे, आणि खरे सांगायचे तर काही वेळा ते स्वतः दिलेही आहे. पण महाराष्ट्रातल्याच एका टेकडीवर या उत्तराची कसून परीक्षा झाली आणि त्यात ते टिकले नाही. त्या परीक्षेची हकीकत या व्याख्यानमालेच्या निमित्ताने दिग्रसकरांपुढे ठेवावी, असा आमचा विचार आहे.

ती टेकडी कोसबाडची. पूर्वी हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. 2014 साली पालघर जिल्हा वेगळा झाला आणि डहाणू तालुक्याबरोबर कोसबाडही त्यात गेले. मुंबईहून गुजरातकडे जाणारी रेल्वे समुद्राला समांतर धावते. त्या मार्गावर घोलवड स्टेशन आहे, जवळच बोर्डी हे समुद्रकाठचे गाव आहे. किनाऱ्यालगत वाड्या, बागा, शाळा, व्यापार; आणि पूर्वेकडे दोन-तीन कोस आत गेले की टेकड्या लागतात, झाडी लागते आणि वारली लोकांचे पाडे लागतात. आमच्या वाचकांपैकी जे सातपुडा किंवा मेळघाट पाहून आलेले आहेत, ते कोसबाडच्या टेकडीला डोंगर म्हणायला कदाचित तयार होणार नाहीत. परंतु एखादी वस्ती किती दुर्गम आहे, हे केवळ तिच्या उंचीवरून ठरत नाही. रेल्वेची शिट्टी जिथे ऐकू जाते, त्या पाड्यांतही पिढ्यान्‌पिढ्या अक्षर पोहोचलेले नव्हते. दोन-तीन कोसांचे ते अंतर कापायला शिक्षणाला फार वर्षे लागली.

तिथल्या शाळेची गोष्ट समजण्यासाठी आधी वारली माणसाचे वर्ष समजून घेतले पाहिजे. पावसाळ्यात भातशेती, भात स्वतःचे थोडे, पुष्कळदा जमीनदाराचे. ते दिवस कष्टाचे आणि उपासमारीचे. आश्विन-कार्तिकात भात कापले जाते. घरात धान्य येते, तारप्याच्या सुरावर फेर धरले जातात, पुढे लग्नसराई येते आणि कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिला जातो. ही चित्रे आज देशोदेशीच्या प्रदर्शनांत मांडली जातात. पण याच सुगीच्या पाठोपाठ हिवाळ्यातले दुसरे काम येई, ते म्हणजे गवतकापणीचे. टेकड्यांवरचे गवत जमीनदारांचे व व्यापाऱ्यांचे. ते कापायचे, वाळवायचे, त्याच्या गाठी बांधायच्या आणि वखारीत पोहोचवायच्या. तिथून ते मुंबईच्या गुराढोरांसाठी रवाना व्हायचे. गवत संपले की जंगलातली लाकूडतोड. म्हणजे ज्या महिन्यांत आपण थंडीची हवा अभ्यासाला चांगली असे मुलांना सांगतो, त्याच महिन्यांत वारल्याचे घर पहाटेपासून ओस पडलेले असे. मोठी माणसे गवतावर, जरा मोठी मुले गुरांमागे, आणि मुली धाकट्या भावंडांना घेऊन अंगणात.

यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. हे काम मोबदल्याचे म्हणावे असे नव्हतेच. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि त्यापायी नवरा-बायकोने वर्षानुवर्षे त्याच्या घरी राबायचे, अशी रीत होती. अशा माणसाला 'लग्नगडी' असे नाव होते. वेठबिगार तर सरसकट चाले. 1945 साली किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारली उठले. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांनी त्यांच्यात राहून हा लढा चालविला. वेठ बंद झाली पाहिजे, आणि पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मिळाले पाहिजेत, या त्यांच्या मागण्या होत्या. 11 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच वारली मृत्यू पावले. जेठ्या गांगड हे त्यांतले एक. गोदावरीबाईंनी पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हा इतिहास लिहिला. तो 1970 साली प्रसिद्ध झाला आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

हा लढा पेटलेला असतानाच, त्याच 1945 साली, त्याच मुलखाच्या किनाऱ्यावर बोर्डी येथे दोन स्त्रियांनी एक लहानसे काम सुरू केले. त्याचे नाव ग्राम बाल शिक्षा केंद्र. मोर्चा आणि बालवाडी या दोन गोष्टींत वरवर पाहता काहीच साम्य दिसत नाही. तरीपण आम्हांला असे वाटते, की एकाच प्रश्नाची ही दोन टोके होती. एका बाजूला बापाच्या श्रमाचे मोल मागितले जात होते. दुसऱ्या बाजूला त्या श्रमामुळे मुलाचे जे बालपण बुडत होते, ते वाचविण्याची खटपट चालली होती.

त्या दोघींपैकी ताराबाई मोडक यांचा आपल्या वऱ्हाडाशी संबंध होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. त्या पदवीधर झाल्या आणि लग्नानंतर काही वर्षे अमरावतीत राहिल्या. पुढे राजकोटला शिक्षिकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयाचे काम त्यांनी केले, आणि नंतर भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्या बालशिक्षणात पडल्या. मारिया माँटेसरी यांनी 1907 साली रोममधल्या गरीब वस्तीत जे 'बालगृह' काढले होते, त्याचे तत्त्व भारतात आणणाऱ्यांत ही मंडळी अग्रेसर होती. 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. 1936 साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढला. तो उत्तम चालला. पण चांगल्या वस्तीतल्या चांगल्या घरच्या मुलांसाठी चांगली शाळा काढणे, हे काही फार मोठे कार्य नव्हे, असे त्यांच्या मनाने घेतले आणि वयाची पन्नाशी उलटल्यावर त्या खेड्याकडे निघाल्या.

दुसऱ्या अनुताई वाघ. आमच्या आजच्या लेखाची 'नवी शिक्षिका' ती हीच. वास्तविक 1945 साली अनुताई नव्या नव्हत्या. 17 मार्च 1910 रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांत वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचे पुढचे आयुष्य कसे जाई, हे सांगण्याची गरज नाही. परंतु घरच्यांनी त्यांना शिकू दिले. त्या शिक्षिका झाल्या. 1929 पासून नाशिक जिल्ह्यात चांदवडला आणि त्यानंतर पुण्याच्या हुजूरपागेत त्यांनी शिकविले. दिवसा नोकरी करून रात्रशाळेत शिकून त्या मॅट्रिक झाल्या. 1945 साली कस्तुरबा ट्रस्टच्या वतीने बोरिवलीला ग्रामसेविकांचे शिबिर भरले होते. तिथे त्यांची व ताराबाईंची गाठ पडली आणि पुण्यातली सुखाची नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या. पंधरा-सोळा वर्षे फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या या बाई त्या दिवशी पुन्हा नवशिक्या झाल्या. कारण आजवर त्यांच्यापुढे जी मुले होती, ती शाळेत येऊन बसलेली होती. आता येणार होती ती मुले शाळेत येतच नव्हती.

केंद्र उघडले, पण वस्तीतली मुले काही आपण होऊन आली नाहीत. शिक्षिकेने वस्तीत जावे, तर मुले पळून जात. परकी, पांढरपेशी बाई दिसली की सावकाराची किंवा सरकारची कोणी असेल, अशी भीती. जी मुले येत त्यांच्या अंगावर खरूज, केसांत उवा, पोटात अन्न नाही. मुलाला अक्षर दाखविण्यापूर्वी आंघोळ घालावी लागे, तेल लावावे लागे, नखे काढावी लागत, खायला द्यावे लागे. जे मूल रात्री शेकोटीजवळ कुडकुडत झोपले आणि सकाळी उपाशी उठले, त्याला रंग ओळखण्याच्या चकत्या देऊन काय उपयोग? माँटेसरीची साधने सुंदर. पण ती परदेशी घडणीची आणि महाग. दादरच्या मुलांना ती शोभली. बोर्डीच्या वस्तीत त्यांचे काय करायचे, हा प्रश्न पहिल्याच दिवसांत उभा राहिला.

शिक्षणाच्या इतिहासात असा प्रसंग पूर्वी एकदा येऊन गेला होता, आणि तोही डोंगरातल्या हिवाळ्यात. स्वित्झर्लंडमध्ये आल्प्सच्या कुशीत श्टान्स नावाचे गाव आहे. 9 सप्टेंबर 1798 रोजी फ्रेंच फौजांनी त्या मुलखावर हल्ला केला. शेकडो माणसे मारली गेली, घरे जळाली, मुले अनाथ झाली. सरकारने तिथे अनाथालय काढण्याचे ठरविले आणि त्या कामावर योहान हाइनरिख पेस्टालोझी याला पाठविले. डिसेंबरात तो तिथे पोहोचला. मठाच्या इमारतीचा एक भाग त्याला दिला होता. पण खोल्या अपुऱ्या होत्या, काम अजून चालूच होते. 14 जानेवारी 1799 रोजी ऐन थंडीत अनाथालय सुरू झाले, तेव्हा पेस्टालोझीला 53 वर्षे पूर्ण होऊन दोनच दिवस झाले होते. मुलांची संख्या वाढत वाढत ऐंशीच्या घरात गेली. अंगावर खरूज, फाटके कपडे, डोळ्यांत भीती. मदतीला घरकाम करणारी एक बाई सोडली तर कोणी नाही. पुस्तके नाहीत, साधने नाहीत. तो मुलांबरोबर जेवला, त्यांच्यातच झोपला, त्यांना त्याने स्वतःच्या हातांनी धुतले-पुसले. त्या हिवाळ्यात त्याला दिसले ते हे, की मुलाचा विश्वास आधी मिळवावा लागतो आणि शिकविणे त्यानंतर येते. आणि जे हाताने करता येते, डोळ्यांनी पाहता येते, त्यातून मूल आधी शिकते. जूनमध्ये फ्रेंच सैन्याला रुग्णालयासाठी जागा हवी झाली आणि 8 जून 1799 रोजी अनाथालय बंद पडले. पेस्टालोझी थकून आजारी होऊन बाहेर पडला. पण पाच-सहा महिन्यांच्या त्या अनुभवावर पुढच्या शतकातले युरोपातले प्राथमिक शिक्षण पुष्कळ अंशी उभे राहिले.

श्टान्स आणि बोर्डी-कोसबाड यांत साम्य तर उघड आहे. दोन्हीकडे शिक्षकाने मुलाला आधी न्हाऊ घातले आणि मग शिकविले. पण आमच्या दृष्टीने त्यांतला फरक अधिक महत्त्वाचा आहे. श्टान्सच्या मुलांना घर उरले नव्हते. म्हणून त्यांना एका छपराखाली गोळा करणे, हेच त्यांचे शिक्षण सुरू करण्याचे साधन होते. वारल्याच्या मुलाला घर होते. आई-बाप होते, भावंडे होती, आणि त्या घरात त्याच्या वाटणीचे काम होते. गुरे राखणारा मुलगा शाळेत आला तर गुरे कोणी राखायची? मूल सांभाळणारी मुलगी शाळेत आली तर आईने गवतावर जायचे कसे? आणि आई गवतावर गेली नाही तर संध्याकाळी चूल कशी पेटायची? या मुलांना घरातून उचलून छपराखाली आणणे म्हणजे त्या घराचा एक हात तोडण्यासारखे होते. म्हणून श्टान्सचा मार्ग इथे पुरेसा पडणारा नव्हता.

यावर या दोघींनी जी युक्ती काढली ती सांगायला फार सोपी आहे. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने मुलांकडे जावे. बोर्डीला वस्तीतल्या अंगणातच बालवाडी भरू लागली. झोपडीपुढची सारवलेली जागा हा वर्ग. घरची माणसे कुडाआडून बघताहेत, कोंबड्या फिरताहेत, आणि मध्ये मुले गाणे म्हणताहेत. परक्या बाईची भीती अशीच गेली, कारण जे काही चालले होते ते आईच्या डोळ्यांपुढे चालले होते. या बालवाडीला 'अंगणवाडी' म्हणू लागले. महागड्या साधनांच्या जागी चिंचोके, शंख-शिंपले, पाने, बिया, माती आल्या. मोजायला शिकायचे तर खडे आहेत. लहान-मोठे ओळखायचे तर पाने आहेत. रंग ओळखायचे तर फुले आहेत. माँटेसरीबाईंचे तत्त्व त्यांनी सोडले नाही, फक्त त्याला इथल्या मातीचे कपडे घातले.

1957 साली हे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई तेव्हा पासष्ट वर्षांच्या होत्या आणि अनुताई सत्तेचाळीस वर्षांच्या. किनाऱ्याची थोडीफार सोयीची जागा सोडून त्या वारल्यांच्या अधिक जवळ गेल्या. जे वय पेन्शनीचे समजले जाते, त्या वयात त्यांनी पुन्हा एकदा नवशिके होणे पत्करले. आणि इथेच त्यांनी हजेरीपटातल्या रिकाम्या चौकटी एकेक करून वाचायला घेतल्या, असे म्हटले तरी चालेल.

पहिली चौकट गुराख्याची. त्याच्यासाठी 'कुरणशाळा' निघाली. गुरे कुरणात चरताहेत, मुले झाडाखाली बसली आहेत, आणि शिक्षक त्यांच्याकडे गेलेला आहे. एखादे जनावर दुसऱ्याच्या शेताकडे वळले तर मुलाने उठून जावे, ते वळवून आणावे आणि पुन्हा येऊन बसावे. शिस्तीच्या जुन्या कल्पनेत हे बसणारे नाही. आपल्यापैकी कित्येकांना वर्गात खिडकीबाहेर पाहिल्याबद्दल छडी मिळालेली आहे! पण या मुलांचे लक्ष गुरांवर असणे, हेच त्यांचे कर्तव्य होते. ते कर्तव्य मोडायला लावणारी शाळा त्यांना घरची माणसे फार दिवस करू देणार नव्हती.

दुसरी चौकट भावंड सांभाळणाऱ्या मुलीची. तिच्यासाठी 'विकासवाडी'ची योजना झाली. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. मोठीने येताना कडेवरचे भावंड घेऊनच यावे. तान्हे पाळणाघरात, त्याच्याहून मोठे बालवाडीत आणि ती स्वतः पहिली-दुसरीत. तान्हे रडले तर ती उठून जाईल, त्याला थोपटून परत येईल. धाकट्यांमुळे मोठीची शाळा बुडत होती. आता धाकट्यांना शाळेत आणल्यामुळे मोठीची शाळा सुरू झाली. आम्ही या योजनेचा जितका विचार करतो, तितके तिचे आम्हांला नवल वाटते. तिच्यात शास्त्राचे अवडंबर नाही. एका मुलीच्या कडेवर काय आहे, हे कोणीतरी नीट पाहिले, इतकेच.

तिसरी चौकट दिवसभर राबणाऱ्या मोठ्या मुलांची व माणसांची. त्यांच्यासाठी रात्रशाळा. अनुताईंना रात्रशाळेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नव्हता. दिवसभर काम करून दिव्याखाली पुस्तक उघडणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. त्यांचे स्वतःचे शिक्षणही अजून संपले नव्हते. 1961 साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्या पदवीधर झाल्या. ज्या बाईने आपली शाळा आयुष्यभर अशी सवडीने, तुटक तुटक पुरी केली, तिला तुटक हजेरीचे मूल हे वाया गेलेले मूल वाटणे शक्यच नव्हते.

कोसबाडचे हे सारे काम वर सांगितलेल्या समजुतीला उत्तर देणारे आहे. वारल्यांना शिक्षणाची आवड नाही, असे म्हणणारे पुष्कळ होते. पण शाळा अंगणात आली तेव्हा मुले बसली, कुरणात गेली तेव्हा गुराखी बसले, आणि पाळणा हलू लागला तेव्हा मुली आल्या. आवड नव्हती असे नव्हे, सवड नव्हती. हिवाळ्यात ते फार स्पष्ट दिसते, कारण काम आणि शाळा या दोघांचेही हक्काचे दिवस तेव्हा एकाच वेळी येतात. शाळेचे वर्ष दफ्तरात ठरते. पाड्याचे वर्ष भाताने, गवताने आणि पावसाने ठरते. ही दोन वर्षे जिथे जुळत नाहीत, तिथे हार नेहमी मुलाच्या पदरी येते.

पण या गोष्टीची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. नाहीतर इतिहासाची आरती होईल. कोसबाड ही एक टेकडी होती. तिथे दोन असामान्य स्त्रिया आणि त्यांचे सहकारी होते. अंगणवाडी पुढे देशभर गेली: 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास योजना 33 गटांत सुरू केली, आणि बोर्डीच्या अंगणातला तो शब्द तिच्याबरोबर सर्व भारतीय भाषांच्या प्रदेशांत पोहोचला. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. आपल्या दिग्रसच्या प्रत्येक वस्तीत व तांड्यावर हा शब्द लहान मुलालाही माहीत आहे. पण तो ज्यांच्या कामातून आला, त्यांचे नाव विचारले तर किती जणांना सांगता येईल, याची आम्हांला शंका आहे. कुरणशाळेचे मात्र तसे झाले नाही. ती राज्यभर रुजली नाही. शाळेची वेळ आणि जागा मुलाच्या कामाप्रमाणे हलवायची, तर शिक्षकाला पुष्कळ मोकळीक द्यावी लागते, आणि मोठ्या यंत्रणेला नेमकी तीच गोष्ट जड जाते. राज्याने पुढे आदिवासी मुलांसाठी मुख्यतः आश्रमशाळांचा मार्ग धरला. त्याने हजारो मुले शिकली, हे नाकारता येणार नाही. तरी तो मार्ग श्टान्सचा आहे, कोसबाडचा नव्हे. त्यात मूल घरापासून दूर जाते.

आणखीही एक आक्षेप घेतला जातो, आणि तो विचार करण्याजोगा आहे. मुलाने गुरे राखीत शिकावे, असे म्हणणे म्हणजे त्याच्या मजुरीलाच मान्यता देणे नव्हे काय? आम्हांला या आक्षेपात तथ्य दिसते. कुरणशाळा हे अखेरचे ध्येय असूच शकत नाही. ज्या मुलाच्या बापाला गवताचा योग्य भाव मिळतो, त्या मुलाला गुरांमागे जावे लागत नाही. आणि त्या अर्थाने गोदावरीबाईंचा लढा हाही शाळेचाच लढा होता. पण बापाच्या मजुरीचा प्रश्न सुटेपर्यंत मुलाचे वय थांबून राहत नाही. आठ वर्षांचे मूल पुढच्या हिवाळ्यात नऊ वर्षांचे होते. त्या एका हिवाळ्यापुरते का होईना, कोणीतरी त्याच्यापर्यंत चालत जायला हवे होते, आणि कोसबाडच्या शिक्षिका तशा गेल्या.

ताराबाईंना 1962 साली पद्मभूषण मिळाले. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्या निवर्तल्या. अनुताई त्यानंतरही एकोणीस वर्षे टेकडीवरच राहिल्या. दृष्टी अधू झाली, तरी काम थांबले नाही. 1985 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 'कोसबाडच्या टेकडीवरून' या आपल्या पुस्तकात त्यांनी या साऱ्या वर्षांची हकीकत लिहून ठेवली आहे. 27 सप्टेंबर 1992 रोजी त्यांचे निधन झाले. बोर्डीला येताना त्या पस्तीस वर्षांच्या होत्या. म्हणजे सत्तेचाळीस हिवाळे त्यांनी त्या मुलखात काढले. पेस्टालोझीला श्टान्सला एकच हिवाळा मिळाला होता.

आता आम्ही पुन्हा धावंड्याच्या काठी येतो. 2009 सालच्या शिक्षण हक्काच्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क दिला. तो 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी काही ठिकाणी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या, आणि मुलांना गावीच ठेवून घेण्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आली. पहिली वाट कोसबाडची, म्हणजे मुलामागे जाण्याची; दुसरी गावच्या लोकांनी मुलाला आपले म्हणून चार-पाच महिने सांभाळण्याची. दोन्हींना आपापल्या जागी स्थान आहे. पण दोन्ही वाटा तेव्हाच चालतात, जेव्हा गावातल्या कोणाला तरी त्या मुलाचे नाव, त्याचा तांडा आणि त्याच्या घरचे काम माहीत असते. कोयता घेऊन निघालेल्या कुटुंबाच्या गाडीपाशी उभे राहून आजीला विचारणारे कोणी लागते, की पोर मागे राहिली तर तुम्ही तिला सांभाळाल का, आणि तिच्या जेवणाचे आम्ही काय करावे.

हे काम सरकारने करावे, हे खरेच आहे. मात्र बोर्डीला जाताना ताराबाईंच्या हातात सरकारी हुकूम नव्हता. त्या आणि अनुताई तुमच्या-आमच्यासारख्या पांढरपेशा वस्तीतल्याच होत्या. सायंकाळी व्याख्यानाला येऊन बसणाऱ्या वर्गातल्या. आपल्या गावात निवृत्त शिक्षक आहेत, वाचनालये आहेत, महाविद्यालयात शिकणारी मुले-मुली आहेत. वेचणीच्या दिवसांत धुऱ्यावर बसलेल्या पोरीपाशी आठवड्यातून दोन संध्याकाळी जाऊन बसायला इमारत लागत नाही. चिंचोके आपल्याकडेही आहेत, आणि सरकीच्या बियांवर मोजणी शिकविता येते.

दसरा झाला की गाड्या भरू लागतील, आणि दिवाळीनंतर वेचणीला जोर येईल. आज वैशाखाच्या उन्हात बसून आपण हिवाळ्याची गोष्ट करीत आहोत, ती एवढ्यासाठीच. अजून पाच-सहा महिने हातात आहेत. तेवढ्यात आपल्या आळीजवळच्या एका शाळेत जावे, गेल्या वर्षीचा हजेरीपट मागावा आणि नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांच्या रिकाम्या चौकटींपुढची नावे उतरवून घ्यावीत. कोसबाडची सुरुवातही अशाच न आलेल्या मुलांपासून झाली होती.